मिरवणुकीचं सूचनापत्र: ७ नंबर ठेवायचा की काढायचा

प्रेषक: सेक्रेटरी ताई

मंडळी, स्वयंसेवकांचं सूचनापत्र परवा छापायला जातंय. ७ नंबर असा आहे: "ड्यूटीवरच्या पोलिसांचे फोटो किंवा व्हिडिओ काढू नयेत." कुणाला खटकत असेल तर आजच बोला, छापल्यावर नको. गेल्या वर्षीचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे, परत सांगत बसत नाही. परमिट माझ्या नावावर निघतं, टाउनच्या ऑफिसात बोलणी मी खाते, एवढंच लक्षात असू द्या.

प्रेषक: ढोल पथक (दादा)

खटकतंय. आणि "गेल्या वर्षीचा प्रकार" म्हणून झाकू नका, फोन माझ्या पोराचा होता. वळणावर आपण थांबलो होतो, ताशावाला काड्या बदलत होता, पोरगा फोन छातीशी धरून पथकाचं रेकॉर्डिंग करत होता, त्यात तो डिटेलवाला, म्हणजे मिरवणुकीच्या बंदोबस्ताचा पोलीस, एका गाडीच्या टपावर थाप मारून त्या बाईवर ओरडताना आला. तो तसाच इकडे आला, भिंगावर तळवा ठेवला आणि म्हणाला डिलीट कर. पोरगा १६ वर्षांचा, हात थरथरत होते, त्याने केलं डिलीट. कमिटीतले तिघं शेजारी उभे होते, एकाने तरी तोंड उघडलं का? वर आता नियम करणार की चूक पोराचीच. व्हिडिओ गेलेला नाही बरं का, फोनच्या "रीसेंटली डिलीटेड"मध्ये ३० दिवस राहतो, घरी येऊन परत काढला.

प्रेषक: नाना

मी वकील नाही, पण रिटायर झाल्यापासून हेच वाचत असतो. आपल्याच राज्यातली, मॅसॅच्युसेट्सची केस आहे. ऑक्टोबर २००७, बॉस्टन कॉमन. सायमन ग्लिक नावाचा माणूस चालला होता, तीन पोलीस एका तरुणाला पकडताना दिसले, हा साधारण १० फुटांवर थांबला आणि मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. आवाजही रेकॉर्ड होतोय का असं विचारलं, हा हो म्हणाला, आणि बेड्या पडल्या. कलम कुठलं, तर चोरून रेकॉर्डिंग करण्याचं! फोन उघड हातात धरलेला, तरी चोरून. गंमत अशी की हा स्वतःच वकील होता. खटला काही महिन्यांत बारगळला, मग त्याने उलटा दावा लावला आणि ऑगस्ट २०११ मध्ये फर्स्ट सर्किट कोर्टाने, म्हणजे आपल्या भागाच्या फेडरल अपील कोर्टाने, स्वच्छ सांगितलं की सार्वजनिक जागी ड्यूटीवरच्या पोलिसांचं शूटिंग करणं हा फर्स्ट अमेंडमेंटखालचा, म्हणजे घटनेतल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा, हक्क आहे. पुढच्या वर्षी बॉस्टन शहराने १ लाख ७० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. तेव्हा ७ नंबर काढा.

प्रेषक: वहिनी (प्रसाद टेबल)

नाना, २००७ ते २०११ म्हणजे चार वर्षं झाली ना? आमचा एच-वन व्हिसा तीन वर्षांचा असतो. ग्लिक जिंकला, आनंद आहे, पण तो वकील होता आणि त्याला कुठे व्हिसाच्या स्टँपिंगला जायचं नव्हतं. व्हिसाच्या फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो, तुम्हाला कधी अटक झाली आहे का, शिक्षा झाली का हे नुसतं नाही, अटकसुद्धा. खटला बारगळला तरी उत्तर हो असंच द्यावं लागतं आणि मग खिडकीपाशी उभं राहून समजावत बसा. ज्यांच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे त्यांनी खुशाल शूटिंग करावं. ७ नंबर राहू दे.

प्रेषक: बापू

वहिनींना माझा पाठिंबा, पण भित्रेपणाला नाही. मला हायवेवर अडवलं होतं तेव्हा मी फोन रेकॉर्डिंगवर लावून शर्टाच्या खिशात टाकला होता, त्याला पत्ताच नाही, २० मिनिटांचं सगळं बोलणं आहे माझ्याकडे अजून. असा पुरावा ठेवावा, उगाच तोंडासमोर फोन नाचवून समोरच्याला चिडवू नये. शांतीत क्रांती.

प्रेषक: नाना

बापू, हे ३०० लोकांच्या लिस्टवर कशाला लिहिलंत!! या राज्यात नेमकं तेच उलटं आहे. तोंडासमोर धरलेला फोन चालतो, खिशातला गोत्यात आणतो. इथला कायदा गुपचूप आवाज रेकॉर्ड करण्याविरुद्ध आहे. एका माणसाने तुमच्यासारखंच ट्रॅफिक स्टॉपचं बोलणं टेप केलं, पोलीस नीट वागले नाहीत म्हणून तीच टेप घेऊन स्वतःच्या पायांनी ठाण्यात तक्रार करायला गेला, आणि गुन्हा दाखल झाला त्याच्यावरच. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिक्षा कायम केली. २०२० मध्ये फर्स्ट सर्किटने सार्वजनिक जागी ड्यूटीवरच्या पोलिसांपुरती गुपचूप रेकॉर्डिंगलाही मोकळीक दिली हे खरं, पण त्या भरवशावर खिशात फोन टाकू नका. आणि तुमची भानगड त्याच्या आधीची असणार, म्हणून म्हणतो गप्प बसा.

प्रेषक: बापू

२० नाही, १० मिनिटं असेल. आणि तो फोन आता नाहीच माझ्याकडे.

प्रेषक: खजिनदार

एक मुद्दा राहतोय. डिटेलवाल्याचे पैसे मंडळ देतं, एक तास थांबला तरी कमीत कमी चार तासांचं बिल येतं. मग तो त्या दिवशी आपण नेमलेला माणूस झाला ना, सरकारी कुठे? त्याला प्रायव्हसी नको का?

प्रेषक: ढोल पथक (दादा)

वा! म्हणजे पैसे आपण द्यायचे आणि फोनही आपणच खिशात घालायचा. अहो, अंगावर युनिफॉर्म, कमरेला बंदूक, उभा भर रस्त्यात, वाहनं अडवतोय कायद्याच्या जोरावर. तो काय केटररचा माणूस आहे का? बिल कुणी भरलं याने काही फरक पडत नाही. फरक पडतो जागेचा. शाळेचा हॉल भाड्याने घेतला तर तिथे शाळेचे नियम, शूटिंग नको म्हणाले की नको, मग समोर पोलीस असो की आपले अध्यक्ष. रस्ता आणि फुटपाथ वेगळे.

प्रेषक: माई

मी १९९१ साली आले या देशात, नुकती टीव्हीवर ती रॉडनी किंगला पोलीस मारतानाची टेप दाखवत होते, बाल्कनीतून एका साध्या माणसाने घरच्या कॅमेऱ्याने घेतलेली. आमच्या ह्यांनी आवाज बंद केला होता, मुलं बघतील म्हणून. मिनियापोलिसला पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड गेला, त्याचा व्हिडिओ काढणारी डार्नेला फ्रेझर १७ वर्षांची होती, दादांच्या मुलापेक्षा एकाच वर्षाने मोठी. पोलिसांनी आधी जे निवेदन काढलं त्यात "मेडिकल इन्सिडेंट" म्हटलं होतं. तिचा व्हिडिओ नसता तर तेच राहिलं असतं. पुढच्या वर्षी पुलित्झरवाल्यांनी तिचा खास गौरव केला. मला कायदा कळत नाही, पण "काढू नयेत" हे वाक्य आपल्या मुलांच्या हातात छापून द्यायला मला बरं वाटत नाही.

प्रेषक: खजिनदार

माईंबद्दल आदर आहे, पण आपली मिरवणूक म्हणजे मिनियापोलिस नाही. आणि इथल्या सुप्रीम कोर्टाने अजून यावर थेट निकाल दिलेला नाही, नाना ते सोयीस्करपणे गाळतात. आपल्याकडे भारतात कुणी पोलिसासमोर फोन काढून दाखवावा.

प्रेषक: नाना

गाळत नाही. सुप्रीम कोर्टाचा नाही, पण आपलं राज्य फर्स्ट सर्किटमध्ये येतं आणि इथे तोच निकाल चालतो. आणि "आपल्याकडे"चं म्हणाल तर मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये एकावरचा गुन्हा रद्द केला, त्याने वर्ध्याच्या पोलीस स्टेशनच्या आत व्हिडिओ काढला होता, आणि लावलं होतं काय तर ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट, हेरगिरीचा कायदा! कोर्ट म्हणालं पोलीस स्टेशन त्या कायद्यातल्या निषिद्ध जागांच्या यादीत नाही.

वहिनींचा मुद्दा मात्र खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. हक्क आहे म्हणून त्या क्षणी तुम्हाला कोणी हात लावणार नाही असं नाही. त्यासाठीच दुसरी केस सांगतो, गेरिकी, शेजारच्या न्यू हॅम्पशायरची, २०१४. कोर्टाने ट्रॅफिक स्टॉपचं शूटिंगही हक्कात बसवलं, पण हेही म्हटलं की सुरक्षेसाठी पोलीस वाजवी सूचना देऊ शकतात. म्हणजे मागे सरका म्हटलं की सरकायचं, फोन चालू ठेवून सरकायचं. वाद तिथे घालायचा नाही. डिलीट कर म्हणण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. आणि फोन उघडून आत बघायचं असेल तर वॉरंट लागतं, तो निकाल सुप्रीम कोर्टाचाच आहे खजिनदारसाहेब, २०१४ चाच.

प्रेषक: वहिनी (प्रसाद टेबल)

मागे सरकणं जमेल. पोलिसाला "नाही" म्हणणं मला जमणार नाही, आधीच सांगून ठेवते. माझ्या मुलीला तर मुळीच सांगू नका.

प्रेषक: सेक्रेटरी ताई

बरं. ५ वाजल्यापासून फोन बाजूला ठेवता आला नाही. आता ७ नंबर असा करतेय:

"रस्त्यावर फोटो, व्हिडिओ काढताना फोन उघडपणे धरावा. पोलिसांच्या कामात मधे येऊ नये, मागे व्हा म्हणाले तर लगेच मागे व्हावे. डिलीट करा म्हणाले तर काही डिलीट करू नये, वाद घालू नये, पिवळ्या जॅकेटवाल्या कमिटी मेंबरला हाक मारावी. बोलायचं काम त्याचं."

ज्यांना बोलायचं नाही त्यांच्यावर सक्ती नाही. दादा, गेल्या वर्षी ते तिघं शेजारी उभे होते त्यातली एक मी होते. मुलाला माझ्याकडून सॉरी सांगा, प्रत्यक्ष भेटून म्हणेनच.

प्रेषक: ढोल पथक (दादा)

सांगतो. तो म्हणतोय या वर्षी ढोल नको, शूटिंगच देतो मला. मग मधल्या रांगेत एक ढोल कमी पडतोय, कुणाला वाजवता येत असेल तर शनिवारी प्रॅक्टिसला या. बापू, तुम्ही नको.

प्रेषक: खजिनदार

पिवळी जॅकेटं १२ आणली होती, परत १० आली आहेत. ज्यांच्याकडे दोन राहिलीत त्यांनी आणून द्यावीत, नाहीतर हाक मारायला माणूस दिसणार कसा.