तळघर नकोच, माळे द्या

या चर्चेत कुणीतरी सांगलीच्या गणपती पेठेसाठी जुनी दुकानं पाडून तळघरात पार्किंग असलेलं संकुल सुचवलंय. कळकळीने सांगते, सांगलीत तळघर नको हो! कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची धोका पातळी ४५ फूट. २०१९ ला कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या दुकानातली साखरेची पोती रातोरात माळ्यावर चढवली, खाली राहिली त्यांचं नुसतं ओलं बारदान हाती आलं. भिंतीवरची चिखलाची रेघ अजून आहे.

आराखड्यात गोदामं वर घ्या, माल चढवायला लिफ्ट द्या, वीजमीटर पहिल्या मजल्यावर न्या. आणि पाडकामाआधी जुन्या भाडेकरूंना गाळ्याची लेखी हमी. एकदा तुटलेलं गिऱ्हाईक परत पेठेत येत नाही.