वस्तीत ‘द क्रॉस अँड द स्विचब्लेड’ दाखवायचाय

प्रश्न: सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत हा ख्रिस्ती सिनेमा मे महिन्यात उघड्यावर दाखवायचाय. मराठी सबटायटल लॅपटॉपवर नीट दिसतात, पण पेनड्राइव्ह प्रोजेक्टरला लावला की जोडाक्षरं फुटतात. काय करावं?

उत्तर 1: प्रोजेक्टरच्या आतल्या प्लेअरला देवनागरी जुळवता येत नाही, फाइलमध्ये दोष नाही. लॅपटॉपवरूनच एचडीएमआय वायरने चालवा, नाहीतर सबटायटल चित्रातच पक्की करून घ्या. एका वेळी दोनच ओळी, ओळीत 35-40 अक्षरं. तिथं बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, मराठी वाचायला जास्त वेळ द्या.

उत्तर 2: दादा, खरी अडचण शब्दांची आहे. चर्चमध्ये ‘तारण’ म्हणजे उद्धार, बाहेर मात्र सोनं तारण! बायबलमधला ‘खंडणी’ (सुटकेसाठी दिलेलं मोल) हा शब्द तर टोळ्यांच्या सिनेमात हप्तावसुलीच वाटेल. ‘सुटका’, ‘माफी’, ‘नवं आयुष्य’ असं साधं लिहा. 1970 च्या या सिनेमात पाद्री विल्करसन न्यूयॉर्कच्या टोळ्यांतल्या पोरांमध्ये जातो. टोळीतला निकी क्रूझ त्याला धमकावतो, तरी तो मागे हटत नाही. पोरांना भिडतं ते हे, प्रवचन नव्हे. म्हणून आधी भाषण नको.

उत्तर 3: घरगुती डीव्हीडीवर जाहीर खेळाचा हक्क मिळत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या, लाऊडस्पीकरसाठी पोलिसांचीही. रात्री 10 नंतर आवाज बंद. सिनेमा पावणेदोन तासांचा, त्यामुळे साडेसातला सुरू कराच. त्याआधी उजेडामुळे पडद्यावर चित्र फिकं दिसतं.