'जामीन पोस्ट करणे' याला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मी मुंबईत कायदेविषयक मजकुराचे भाषांतर करते. सध्या एका अमेरिकी संकेतस्थळाचा मजकूर हाती आहे. आरोपीच्या नातेवाइकांनी जामिनाचे पैसे आणि कागद ऑनलाइन कसे द्यावेत, याच्या सूचना त्यात आहेत. यंत्राने केलेल्या कच्च्या मसुद्यात 'जामीन पोस्ट करा' असे आले आहे, आणि ते वाचून कागद टपालात टाकायचा आहे असेच वाटते. 'जामीन भरा' असे लिहिले तर चालेल का?

उत्तर : बोलताना चालेल, न्यायालयाच्या आवारात 'बेल भरली' असे सर्रास ऐकू येते. लिहिताना मात्र मी ते टाळीन, कारण 'जामीन' हा शब्द मुळात पैशाचा नाही, माणसाचा आहे. अरबी 'झामिन' म्हणजे हमी घेणारा माणूस, आणि म्हणूनच मराठीत आपण 'तो मला जामीन राहिला' असे म्हणतो. जुन्या व्यवहारात आरोपीला हजर करण्याची हमी घेणारा तो हाजीर जामीन आणि पैशाची हमी घेणारा तो माल जामीन असे. पुढे हमी आणि सुटका यांनाही 'जामीन' म्हणू लागल्यावर माणसासाठी 'दार' जोडून 'जामीनदार' वापरात आला. म्हणजे मूळ अर्थ पाहता त्यात द्विरुक्ती आहे, पण तो आता इतका रुळला आहे की त्याला हात लावू नये.

'जातमुचलका' या शब्दाकडेही लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते. 'पंधरा हजार रुपयांच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर सुटका' असे वर्तमानपत्रात नेहमी छापून येते. यातल्या 'जात' शब्दाचा जातीपातीशी काही संबंध नाही. 'साहेब जातीने हजर होते' म्हणताना जो अर्थ असतो, तोच, म्हणजे 'स्वतः', हा इथला अर्थ आहे, तर 'मुचलका' हा तुर्कीतून आलेला, लेखी हमीचा शब्द आहे. आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी तो जातमुचलका. तेव्हा आधी 'वैयक्तिक' लावण्याची काहीच गरज नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जामीन म्हणजे अटींवर झालेली सुटका अशी व्याख्या आहे, आणि जामीनदारासह दिलेली हमी व जामीनदाराविना दिलेली हमी यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. म्हणून क्रियापदेही वेगळी हवीत : न्यायालय जामीन मंजूर करते, आरोपी जातमुचलका लिहून देतो, जामीनदार जामीन राहतो, बंधपत्र, म्हणजे हमीचा लेखी कागद, दाखल होते आणि रक्कम भरली जाते. यांपैकी शेवटच्या दोनच गोष्टी ऑनलाइन होण्याजोग्या आहेत, कारण जामीनदाराची ओळख आणि ऐपत न्यायालयाला पटावी लागते आणि त्यासाठीच ऐपतीचा दाखला मागितला जातो. मुंबईत तर सुटकेचा कागदसुद्धा हातोहात जात असे : 2021 मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात तो संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेपर्यंत आर्थर रोड कारागृहाच्या जामीनपेटीत, म्हणजे सुटकेचे कागद टाकण्याच्या पेटीत, पडला नाही, म्हणून जामीन मंजूर होऊनही आरोपीला आणखी एक रात्र आत काढावी लागली.

तेव्हा आपल्या मजकुरात पैशाच्या जागी 'जामिनाची रक्कम भरा' आणि कागदाच्या जागी 'बंधपत्र दाखल करा' असे लिहावे.

प्रश्न : आभारी आहे. त्या मजकुरात पैसे घेऊन हमी देणारी कंपनीही आहे. तिला 'जामीनदार' म्हणू का?

उत्तर : 'व्यावसायिक जामीनदार' म्हणावे, कारण आपल्याकडे असा धंदा कायद्याने चालत नाही आणि नुसत्या 'जामीनदार' शब्दाने वाचकाच्या डोळ्यांपुढे शेजारी, मामा किंवा मित्र उभा राहील. तिकडे ती कंपनी बहुधा जामिनाच्या रकमेच्या दहा टक्के घेते. त्या पैशाला 'शुल्क' म्हणा, 'जामिनाची रक्कम' नव्हे. आरोपी तारखांना हजर राहिला की न्यायालयात भरलेली रोख रक्कम एरवी परत मिळते, हे शुल्क मात्र परत मिळत नाही, आणि सूचना वाचणाऱ्या नातेवाइकाला ते पैसे देण्याआधीच कळायला हवे.