रात्री व्यायाम, सकाळी पोहे : स्नायूवाढीसाठी न्याहारी बदलावी का?

कोपरीकर
माझे वय २७ आणि वजन ५८ किलो आहे. गेले चार महिने आठवड्यातून चार दिवस रात्री साडेआठ वाजता व्यायामशाळेत जातो. स्क्वॉट आणि बेंच प्रेसमध्ये उचलत असलेले वजन पहिले दोन महिने वाढत गेले. त्यानंतर तेही थांबले आणि माझे स्वतःचे वजनही. सकाळी पावणेआठला ठाणे पूर्वेतील घर सोडून ट्रान्सहार्बरच्या गाडीने रबाळ्याला जावे लागते. न्याहारीला आईने केलेले पोहे किंवा उपमा आणि चहा असतो. त्यानंतर दुपारी दीडपर्यंत पोटात काही जात नाही. घरात अंडी शिजत नाहीत, बाहेर खाण्यास मात्र माझी हरकत नाही. व्यायामशाळेतील मित्रांचे म्हणणे असे की पोहे सोडून व्हे प्रोटीन घेतल्याशिवाय अंगाला काही लागणार नाही. पोहे खरोखरच सोडावेत का, आणि सकाळी पंधरा मिनिटांत होईल असे दुसरे काय करता येईल?

मूठभर मूग
पोह्यांवर आरोप ठेवण्याआधी हिशेब मांडून पाहावा. एका बशीत साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे असतात. त्यांतून चार ग्रॅम प्रथिने मिळतात आणि वर पडणाऱ्या दहा ग्रॅम शेंगदाण्यांतून आणखी अडीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सर्वसाधारण प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत, पण वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्यासाठी १.६ ग्रॅमच्या आसपासचे प्रमाण धरले जाते. म्हणजे तुम्हाला दिवसाला सुमारे ९३ ग्रॅम लागतील. ती चार वेळांत विभागली, तर सकाळच्या वाट्याला २३ ग्रॅम येतात आणि तुमच्या बशीत जेमतेम साडेसहा आहेत. ही तूट रात्रीच्या वरणावर टाकता येत नाही, कारण वाटीभर वरणात कोरडी डाळ पंचवीस-तीस ग्रॅमच असते आणि तिच्यातून सहा-सात ग्रॅमच प्रथिने मिळतात.

न्याहारीच्या वेळेत जादू नाही. दिवसाची गोळाबेरीज अधिक महत्त्वाची. मात्र रात्री व्यायाम केल्यानंतर स्नायूंची डागडुजी पुढचा संपूर्ण दिवस चालू असते, त्यामुळे सकाळची प्रथिने वाया जातात असे मुळीच नाही. व्हे म्हणजे पनीर किंवा चीज करताना दुधातून निथळणाऱ्या पाण्यातील प्रथिनांची भुकटी. एका मापात साधारण २४ ग्रॅम मिळतात. सोय म्हणून घ्यावी, अट म्हणून नव्हे. पोहे तर सोडूच नयेत. तुमचे वजनही थांबले आहे, याचा अर्थ एकूण खाणेच कमी पडते आहे, आणि अशा वेळी पिष्टमय पदार्थ काढून टाकणे हा उलटा उपाय ठरेल.

जुनी तालीम
तुमच्या वयाचा असताना मी कोल्हापुरात तालमीत जात असे. बदामाची थंडाई आणि गंगावेशीतील कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध हा आमचा खुराक. तो पचत असे, कारण पहाटेपासून जोर, बैठका आणि लढती चालत. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने तेवढे तूप-बदाम खाल्ले तर आधी पोट वाढेल. आमच्यातील काही जण दुधात कच्ची अंडी फोडून पीत. त्यांचे अनुकरण करू नये : शिजवलेल्या अंड्यातील प्रथिने अधिक चांगली पचतात आणि कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जिवाणूची बाधा होऊ शकते. कार्यालयाजवळ उकडलेली अंडी मिळत असतील तर तीन घ्यावीत. प्रत्येकी सहा ग्रॅम प्रथिने मिळतात.

घणसोलीची सुगरण
तयारी रात्रीच केली तर पंधरा मिनिटे पुरतात. साठ ग्रॅम मुगाची डाळ रात्री भिजत घालावी, सकाळी आले-मिरचीबरोबर वाटून धिरडी काढावीत आणि आत ५० ग्रॅम पनीर कुस्करून घालावे. डाळीचे चौदा आणि पनीरचे नऊ ग्रॅम, वर पेलाभर दूध घेतले की तिशीच्या जवळ पोहोचता.

पोहे हवेच असतील तर सोयाबीनच्या वड्यांचा २५ ग्रॅम चुरा गरम पाण्यात भिजवून, दोन-तीनदा घट्ट पिळून फोडणीत परतावा. पिळण्यात कसर राहिली तर उग्र वास येतो आणि मग घरात कोणी तो पुन्हा करू देत नाही. या चुऱ्यातून तेरा ग्रॅम प्रथिने मिळतात. भाजणीचे थालीपीठ आणि दही हाही उत्तम पर्याय आहे, कारण प्रथिनांचे घटक असलेल्या अमिनो आम्लांपैकी लायसिन धान्यात कमी असते आणि मेथिओनिन डाळीत. भाजणीत दोन्ही एकत्र येत असल्याने एकाची उणीव दुसरी भरून काढते.

डब्यावरचे कोरड्या कडधान्याचे आकडे मोड आलेल्या मटकीला मात्र लावू नयेत. तिच्या वजनात बराच भाग पाण्याचा असतो. ठाण्यातील मामलेदारची मिसळही उसळ म्हणून गणायला माझा जीव धजत नाही. तर्री आणि फरसाण रविवारपुरते ठेवावे. चहा न्याहारीनंतर तासाभराने घ्यावा, नाहीतर डाळीतील लोह अंगी लागण्यास अडथळा होतो.

कोपरीकर
काका आणि ताई, मनःपूर्वक आभार. तीन आठवडे आठवड्यातून चार दिवस धिरडी आणि दोन दिवस सोयाबीन घातलेले पोहे खाल्ले. वजन ५८.७ किलो झाले आहे. ते सगळे स्नायूंचेच असेल असे मी समजत नाही, पण बेंच प्रेसमध्ये अडीच किलोने पुढे सरकलो. पोह्यांचा पहिला प्रयोग मी नीट न पिळल्यामुळे फसला आणि आता वड्या पिळण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. एक शंका उरली : संकष्टीला घरात साबुदाण्याची खिचडीच असते. त्या सकाळचे काय करावे?

घणसोलीची सुगरण
साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतात. खिचडीत जी काही असतात ती शेंगदाण्याच्या कुटाची. म्हणून खिचडी अर्धी घेऊन जोडीला राजगिऱ्याच्या पिठाचे धिरडे आणि वाटीभर घट्ट दही खावे, शिवाय दूध. पनीर उपवासाला चालते की नाही हे प्रत्येक घरात वेगळे असते, ते आईंनाच विचारावे.