'भासमान गती', 'नेत्रदोलन' आणि डुलकी

प्रश्न : दृष्टिविज्ञानावरचा मजकूर मराठीत आणते आहे. 'पर्सीव्ह्ड मोशन'साठी 'भासमान गती' आणि 'निस्टॅग्मस'साठी (डोळ्यांची आपोआप, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल) 'नेत्रदोलन' लिहिलंय. चालेल?

उत्तर : ताई, 'भासमान' नको. शेजारच्या फलाटावरची गाडी हलते आणि आपलीच सुटली असं वाटतं, तिथे भास बरोबर. पण एका डोळ्यापुढे डावीकडे सरकणारे पट्टे आणि दुसऱ्यापुढे उजवीकडे सरकणारे ठेवले, तर ते एकदम दिसत नाहीत. काही सेकंद हे, मग ते. समोर काहीच बदललेलं नसतं, तरी जे पट्टे जाणवतात त्यांच्याच दिशेने दोन्ही डोळे आपोआप सरकतात. म्हणून तर माणसाला न विचारता, नुसत्या डोळ्यांवरून त्याला या क्षणी काय दिसतंय ते संशोधक ओळखतात. दोन्ही पट्टे खरेच असताना भास कसला? 'जाणवलेली गती' लिहा.

'दोलन'ही खटकतं. झोपाळा दोन्हीकडे सारखाच जातो. धावत्या गाडीत खिडकीतून बाहेर बघणाऱ्याचे डोळे पाहा: खांबाबरोबर सावकाश मागे जातात, मग झटकन पुढे येतात. कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी १९२१ मध्ये याला 'आगगाडीचा निस्टॅग्मस' अशाच अर्थाचं जर्मन नाव वापरलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पेंगताना मान डोलणं. मान हळूहळू खाली, मग दचकून वर. आपल्याकडे त्याला काय म्हणतात? डुलकी! इतकी नेमकी जुळणी क्वचितच सापडते.

प्रश्नकर्ती : पण 'नेत्रडुलकी' वाचून डोळा लागला असंच वाटेल.

उत्तर : खरंय. डुलकी समजावण्यापुरती घ्या, शब्द 'निस्टॅग्मस'च ठेवा. काही रुग्णांचे डोळे दोन्हीकडे सारख्या वेगाने हलतात, 'नेत्रदोलन' त्या प्रकाराला शोभेल.

आणखी एक प्रश्न : जाणिवेप्रमाणे दिशा बदलते, तर डोळ्यांच्या या हालचालीला 'प्रतिक्षिप्त' तरी कसं म्हणायचं?

उत्तर : प्रतिक्षिप्त म्हणजे न ठरवता घडणारी, जाणिवेचा संबंधच नको असं त्यात कुठे आहे? खिडकीच्या काचेवरच्या डागावर नजर रोखली तर ही हालचाल दबते, हेही खरं. पण शिंकसुद्धा कधीकधी आवरता येते, म्हणून ती प्रतिक्षिप्त नाही असं आपण म्हणत नाही.