१० गुंठ्यांना लांब दांड्याचा सायथ परवडेल, की विळा-खुरपंच बरं?

खाडीपलीकडे यांचा प्रश्न:

मुंबईतल्या गोराईला १० गुंठे जागा आहे. ५ गुंठ्यांत पावसाळी भात, २ गुंठ्यांत भाजीचे वाफे (वाल, वांगी, मुळा, माठ) आणि उरलेल्या ३ गुंठ्यांत बांध आणि नारळांखालचं गवत. सध्या गवतासाठी पेट्रोलचं ग्रास कटर भाड्याने आणतो. त्यात दोन अडचणी आहेत. गवताचा चुरा होऊन चहूकडे उडतो, त्यामुळे आच्छादनाला गोळा करता येत नाही. आणि नायलॉन दोरीचे तुकडे मातीत राहतात ते वेगळंच. म्हणून युरोपात वापरतात तो दोन्ही हातांनी, उभ्याने चालवायचा सायथ घ्यावा असं मनात आहे. पातं किती लांबीचं घ्यावं? उंची ५ फूट ४ इंच आहे. आपल्याकडचा लोहार तसं पातं करून देईल का? भातही त्यानेच कापता येईल का? आणि आपल्या पावसाळ्यात ते गंजून जाणार नाही ना?

---

ऐरण:

गवतासाठी घ्या, पण पात्याआधी धारेचं सामान घ्या. सायथ आणून महिन्याभरात कोपऱ्यात टाकणारे बहुतेक धारेपाशीच अडलेले असतात.

ऑस्ट्रियन पद्धतीचं पातं पातळ आणि हलकं असतं. त्याची धार दगडावर घासून निघत नाही. आधी ती थंडच, लहान ऐरणीवर हातोडीने ठोकून पातळ करावी लागते. धारेलगतची ३ ते ५ मिमीची पट्टी टाचेकडून, म्हणजे दांड्याकडच्या बाजूने, टोकाकडे ठोकत जायची. प्रत्येक घाव आधीच्या घावावर अर्धा चढला पाहिजे. घावांमध्ये जागा राहिली की तिथे धार जाड राहते. एकाच जागी जास्त ठोकलं की लोखंड ताणलं जाऊन धारेला लाटा येतात, आणि लाटा आलेलं पातं सरळ करणं नवशिक्याच्या हातचं काम नाही. म्हणून सुरुवातीला दोन टोप्यांचा साचा वापरा. पहिल्या टोपीने धातू मागून कडेकडे सरकतो, दुसऱ्या टोपीने कड पातळ होते. झालं की नाही हे अंगठ्याच्या नखावर कळतं. धार नखावर हलकेच दाबली की तिथे बारीकसा फुगवटा दिसला पाहिजे आणि दाब काढताच तो नाहीसा झाला पाहिजे. फुगवटा तसाच राहिला तर धार गरजेपेक्षा पातळ झाली.

ठोकणं ४ ते ८ तासांच्या कापणीनंतर एकदा. दगड मात्र दर ५ मिनिटांनी, हे अक्षरशः घ्या. निसणा, म्हणजे धारेचा दगड, कमरेला पाण्याच्या डब्यात लटकवलेला हवा. कोरडा दगड लोखंडाच्या भुग्याने भरतो आणि नुसता घसरतो. टाचेकडून टोकाकडे, एकदा वरून, एकदा खालून, दगड पात्याला जवळजवळ चिकटवून. दगड उभा धरला की ठोकून मिळवलेली पातळ कड दोन मिनिटांत बोथट होते. धार गेल्यावर माणूस जोर लावतो, जोर लावला की टोक जमिनीत रुततं, आणि सायथ वाईट आहे असं ठरतं.

तुमच्या उंचीला आणि नारळांच्या गर्दीला ५५ ते ६० सेंटिमीटरचं पातं पुरे. ७५चं पातं मोकळ्या माळाला ठीक. दांड्याचं माप असं: दांडा उभा धरला की खालची मूठ मांडीच्या खुब्याशी यावी. तिथून वरची मूठ एक हात, म्हणजे आपलं जुनंच माप, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. बाजारात फिक्स मुठींचा दांडा असतो तो बहुधा उंच माणसाचा. तो घेतला तर वाकून कापावं लागेल, आणि मग विळ्यापेक्षा काय मिळवलं?

पातं बसवताना भिंतीशी एक चाचणी करा. पात्याची टाच भिंतीवर जिथे टेकते तिथे खूण करायची, दांड्याचं वरचं टोक जागचं न हलवता सायथ फिरवायचा आणि पात्याचं टोक त्या खुणेशी आणायचं. ते खुणेपासून दोन-तीन बोटं खाली आलं पाहिजे. टोक वर आलं तर पातं एका वेळी जास्त गवत घेतं आणि अडतं.

---

भातखाचर:

गवताचं ऐरण यांनी सांगितलं ते पटलं. भाताला मात्र सायथ लावू नका.

युरोपात सायथला धनुकली किंवा काठ्यांची चौकट जोडून गहू आणि ओट कापत. ती पिकं उभी असतात. आपल्याकडे परतीच्या पावसात भात लोळतो, लोंब्या एकमेकींत अडकतात, आणि सायथ लोळलेल्या पिकावरून तिरका धावला की निम्म्या लोंब्या अर्ध्यावर तुटतात. शिवाय प्रत्येक फेकीला झटका बसून दाणे झडतात. विळ्याने डाव्या हातात मूठ धरून कापलं की लोंब्या एका दिशेला राहतात, पेंढी बांधता येते आणि झोडणी सोपी जाते. ५ गुंठे भात म्हणजे किती काम? एकरी ८ ते १० मजूर धरले तर तुमच्याकडे एका माणसाचा जेमतेम सव्वा दिवस.

दातेरी हलका विळा घ्या. कोकणात भातासाठी ‘वैभव’ विळ्याचं नाव घेतात. तो ओढून कापतो, झटका लागत नाही, आणि बुंधा जमिनीलगत कापता येतो. जमिनीलगत कापायचं कारण खोडकिडा. अळ्या धसकटात लपून राहतात. उंच धसकटं ठेवलीत तर पुढच्या हंगामासाठी किडीची सोय तुम्हीच करून ठेवलीत. दातेरी विळ्याच्या दातांकडच्या बाजूला दगड कधीही लावू नका, दात झिजून सपाट होतात. उलटी, गुळगुळीत बाजू कुरुंदावर बेताने घासली की दात पुन्हा टोकदार होतात. साधा विळा असेल तर नेहमीसारखा पाजवा.

लोंबीतले ८०-९० टक्के दाणे पिवळे झाले की कापणी. खाचरातलं पाणी ८-१० दिवस आधी सोडून द्या, नाहीतर कापलेला भात चिखलात पडतो.

---

खाडीपलीकडे:

भाताचा विचार सोडला. लोहाराचं राहिलं. ट्रकच्या कमानपाट्याच्या लोखंडाचे कोयते उत्तम होतात. तेच लोखंड सायथला का नाही?

---

ऐरण:

कोयता वजनाने कापतो, सायथ पातळपणाने. कमानपाट्याचं लोखंड लोहार तापवून पाणी देतो तेव्हा ते कडक होतं. कोयत्याला तेच हवं असतं. सायथची कड मात्र थंडपणी ठोकली की पसरली पाहिजे, त्यासाठी लोखंड चिवट आणि थोडं मऊ लागतं. कडक लोखंड ठोकलं की धारेला उभ्या चिरा जातात. अमेरिकन पद्धतीचं पातं जाड आणि कडक असतं, तेही ठोकत नाहीत, पाण्याच्या फिरत्या दगडावर घासतात. पण त्याचं वजन जास्त, आणि हात लवकर भरून येतात.

दुसरी गोष्ट आकाराची. सायथचं पातं सपाट पत्रा नसतं. त्याला लांबीत बाक असतो, पोटाला खोलगटपणा असतो, मागच्या बाजूला उभी कड असते म्हणून ते ताठ राहतं. हे तिन्ही हाताने साधणं म्हणजे पिढीजात कारागिरी आहे. लोहाराकडून दांडा बसवायची कडी, पाचर, लहान ऐरण ही कामं जरूर करून घ्या. कुदळ, कोयता शेवटायलाही (तापवून, ठोकून धार काढायलाही) तोच. हातोडी, कानस, निसण्याचे दगड नागदेवी स्ट्रीटला मिळतील.

आपल्याकडे मोठी भीती दगडापेक्षा प्लास्टिकच्या बाटल्या, तारा आणि नारळाच्या झावळीच्या दांड्याची. आधी एक फेरी हाताने वेचा. धारेला छोटी खाच पडली तर ठोकताना ती आणखी फाटू नये म्हणून गोल कानशीने तिचा तळ गोल करा. पेन्सिलीपेक्षा जाड खोडाला हे पातं लावू नका. घाणेरी, रानतुळस कोयत्यानेच तोडायची.

चालवताना पातं जमिनीवरून उचलायचं नाही, उजवीकडून डावीकडे अर्धवर्तुळात घसटत न्यायचं. पाऊल चार बोटांचं. जास्त गवत घेण्याचा मोह झाला की समजा धार गेली आहे. ओलं गवत उभं राहतं आणि सहज कापलं जातं, त्यामुळे दिवाळीनंतर दंव असताना, पहाटे. नवशिक्याने तासाला दीड-दोन गुंठ्यांची अपेक्षा ठेवावी. ३ गुंठ्यांना एक सकाळ.

---

वाफसा:

दोघांनीही वाफ्यांकडे लक्ष दिलं नाही, आणि वर्षभराचं काम तर तिथेच आहे.

वाल, वांगी ओळीत असतील तर सायकल कोळपं घ्या. १५ सेंटिमीटरच्या पासेला (कोळप्याच्या आडव्या पात्याला) ओळींतलं अंतर निदान २५ ते ३० ठेवा, नाहीतर मुळं छाटली जातात. तण दोन-तीन पानांवर असताना, वाफसा असताना, २-३ सेंटिमीटर खोल. मातीची मूठ वळली आणि बोटाने दाबताच फुटली तर वाफसा आहे. ओल्यात चालवलंत तर चाकाला गोळे चिकटतात आणि उपटलेलं तण पुन्हा रुजतं. रोपांमधल्या जागेला खुरपं लागेलच, त्याला पर्याय नाही. लव्हाळ्यावर सायथ, विळा, कोळपं सगळं वाया, जमिनीतल्या गाठी पुन्हा फुटतात. उन्हाळ्यात कुदळीने खणून गाठी वर आणायच्या आणि उन्हात वाळवायच्या, असं दोन-तीन उन्हाळे.

आच्छादनाचं गवत बी धरण्याआधी कापलं पाहिजे. टाकळा तर फुलायच्या आत. शेंगा आल्यावर कापून वाफ्यात टाकलात तर पुढच्या पावसात टाकळ्याची भाजी शेजाऱ्यांना वाटत बसाल. कापलेलं गवत एक दिवस पसरून मलूल होऊ द्या, ओला ढीग तापतो आणि सडतो. मग ८-१० सेंटिमीटर जाड थर, खोडापासून चार बोटं दूर. भर पावसात कोवळ्या रोपांना हे करू नका. मुंबईत मोठ्या आफ्रिकन गोगलगायी आहेत, त्या आच्छादनाखालीच राहतात आणि रात्रीत वाफा साफ करतात. पाऊस थांबल्यावर घाला.

पावसाळ्यात गमबूट घाला. लेप्टोस्पायरोसिस पायाच्या जखमेतून शिरतो. दाट गवतात आधी काठी आपटत चला, घोणस सहसा सरकत नाही.

---

ऐरण:

गोगलगायींचा मुद्दा खरा.

गंजाचं राहिलं होतं. काम संपलं की पातं गवतानेच पुसायचं, मग फडक्याने कोरडं करून तेलाचा हात द्यायचा. खोबरेल चालतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, आत दमट हवा कोंडून सकाळी तांबूस ठिपके दिसतात. सुती फडकं बरं. दांड्याला जवसाचं उकळलेलं तेल लावा, पण ते तेल पुसलेली फडकी चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

बोटीतून किंवा लोकलने नेताना पातं दांड्यापासून सोडवून घ्या. बागेच्या जुन्या पाइपला लांबीत चीर देऊन तो धारेवर चढवायचा, वर गोणपाट, दोन जागी सुतळी. पातं दांड्याला लावूनच गर्दीत शिरायचं नाही.

---

खाडीपलीकडे:

६० सेंटिमीटरचं पातं, दोन टोप्यांचा साचा, एक मध्यम आणि एक बारीक निसणा, दातेरी विळे दोन, १५च्या पासेचं सायकल कोळपं. दांडा बाभळीचा करू का?

---

ऐरण:

बाभूळ खुरप्याच्या आणि कुदळीच्या मुठीला. सायथला जड होते, सगळं मिळून २ किलोच्या आसपास राहिलं पाहिजे. सरळ धाग्याचं हलकं, वाळलेलं लाकूड घ्या. बांबू घेतलात तर गोलाईमुळे कडी फिरते. जिथे कडी बसते तिथे एक बाजू तासून सपाट करा आणि आत लाकडाची पाचर मारा.