सुपरचार्जर बसवायच्या ट्रक इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो किती ठेवावा?

प्रश्न

माझ्या पिकअप ट्रकचे 5.3 लिटरचे व्ही-8 पेट्रोल इंजिन सध्या पूर्ण उघडलेले आहे. ब्लॉक लोखंडी, हेड ॲल्युमिनियमचे, बोअर 96 मिलिमीटर, स्ट्रोक 92 मिलिमीटर आणि कंपनीचा मूळ कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण) 9.5. त्यावर रूट्स पद्धतीचा (दोन फिरत्या रोटरांनी हवा ढकलणारा) सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, बसवून 6 पीएसआय बूस्ट (वातावरणापेक्षा जास्तीचा हवेचा दाब) घ्यायचा आहे. ट्रकला बहुतेक वेळा जड ट्रेलर जोडलेला असतो, लांब चढ नेहमीचेच आहेत आणि पेट्रोल 95 ऑक्टेनचे मिळते. बूस्ट धरून ‘परिणामी रेशो’ काढण्याच्या प्रचलित सूत्राने 9.5 चे 13.4 होतात. तो आकडा पाहून रेशो 8.5 पर्यंत उतरवावा आणि जागेची अडचण असल्याने इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा भाग) गाळावा, असे मनात आहे. रेशो उतरवण्यासाठी जाड हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधली पट्टी) हा सोपा मार्ग दिसतो. हा विचार कितपत बरोबर आहे?

उत्तर 1

ते सूत्र बाजूला ठेवावे. त्यात फक्त दाबाचा हिशेब आहे, आणि नॉकिंग (मिश्रणाने वेळेआधी आपोआप पेट घेऊन बसणारे ठोके) मुख्यतः तापमानावर ठरते. 30 अंशांची हवा 6 पीएसआयपर्यंत दाबली, तर आदर्श यंत्रातही ती 61 अंशांच्या आसपास जाते. रूट्स सुपरचार्जरची कार्यक्षमता साधारण 60 टक्के धरली, तर तीच हवा 82 अंशांची होऊन सिलिंडरमध्ये शिरते. पिस्टन ती पुन्हा दाबतो तेव्हा सुरुवातीचा प्रत्येक वाढीव अंश शेवटी सुमारे दुप्पट होऊन येतो, म्हणजे या 52 अंशांचे स्पार्कच्या क्षणी शंभराहून अधिक झालेले असतात. इंटरकूलर गाळून रेशो एका अंकाने उतरवणे हा त्यामुळे तोट्याचा सौदा आहे.

कारखान्यांनी काय केले तेही पाहण्याजोगे आहे. 1999 च्या फोर्ड लाइटनिंग ट्रकमध्ये 5.4 लिटरच्या इंजिनावर सुपरचार्जर होता आणि रेशो 8.4 ठेवला होता. जनरल मोटर्सच्या एलएस9 या सुपरचार्जरवाल्या व्ही-8 इंजिनात तो 9.1 झाला आणि रॅम टीआरएक्सच्या 6.2 लिटर इंजिनात 9.5 आहे. इंधन व इग्निशनचे नियंत्रण सुधारत गेले तसा रेशो वर सरकत गेला. इंटरकूलर मात्र तिघांतही आहे.

उत्तर 2

वरील मताशी मी सहमत आहे, पण गॅस्केटबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. पिस्टन वर आल्यावर त्याच्या सपाट कडा आणि हेड यांच्यातील फट साधारण 1 मिलिमीटर असली, तर तिथले मिश्रण जोराने मधल्या कक्षात ढकलले जाते, ज्वाला वेगाने पसरते आणि कडेला तापत राहणारे मिश्रण उरत नाही. जाड गॅस्केटने रेशो उतरतो खरा, पण ही फट रुंदावते आणि जे टाळण्यासाठी खटाटोप केला तेच नॉकिंग परत येऊ शकते. फट जशीच्या तशी ठेवून जागा पिस्टनच्या माथ्यावरील खोलगट भागात किंवा हेडच्या कक्षातच वाढवावी.

आपल्या इंजिनाचा एक सिलिंडर 666 घन सेंटिमीटरचा आहे. रेशो 9.5 असताना वर उरणारी जागा सुमारे 78.4 घन सेंटिमीटर येते आणि 9.0 साठी ती 83.3 लागते. म्हणजे फरक जेमतेम 5 घन सेंटिमीटरचा आहे. याच घराण्यातील 6.0 लिटर इंजिनाचे 71 घन सेंटिमीटर कक्षाचे हेड अनेक जण बसवतात. मूळ हेड 61 चे असल्याने त्याने रेशो थेट 8.5 वर येतो, आणि माझ्या मते ते गरजेपेक्षा जास्त आहे. 9.5 वरून 8.5 वर आल्यास आदर्श चक्राची कार्यक्षमता 59.4 वरून 57.5 टक्क्यांवर येते. हा तोटा सपाट रस्त्यावर, बूस्ट शून्य असतानाही चालू राहतो, आणि ट्रकचा बराचसा वेळ तसाच जातो.

उत्तर 3

येथे मी थोडा वेगळा सूर लावतो. वरील उदाहरणांतील वाहने जोर दाखवतात तो काही सेकंद, आपला ट्रक तो पूर्ण चढभर देणार आहे. रूट्समुळे कमी आरपीएमलाच पूर्ण बूस्ट येतो, आणि कमी आरपीएमला मिश्रणाला आपोआप पेट घ्यायला वेळही जास्त मिळतो. इंटरकूलरचे पाणीही लांब चढावर तापत जाते. म्हणून 9.5 वर न थांबता 8.8 ते 9.0 दरम्यान यावे, तेही फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन घेऊन. ओतीव पिस्टनवर नॉकिंगचा मार पडला की पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड तुटते. त्याआधी इशारा मिळतो तो स्पार्क प्लगवर: पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके आणि भिंगातून पाहिल्यास ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसतात.

पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधली फट मूळ मापापेक्षा जास्त लागेल. पिस्टन बनवणाऱ्याने बूस्टसाठी दिलेले मापच घ्यावे, अंदाज नको. प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे, घ्यावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. इंटरकूलरसाठी पुढच्या रेडिएटरची मांडणी बदलतो आणि मूळ हेडच ठेवून 9.0 चे खोलगट फोर्ज्ड पिस्टन मागवतो. सुरुवातीचे इग्निशन टायमिंग (स्पार्क कधी पडावा ते) कसे ठरवावे?

उत्तर 3

बूस्टमध्ये मिश्रण, म्हणजे हवेचे पेट्रोलशी वजनी प्रमाण, 11.5 ते 12 दरम्यान राखा आणि टायमिंग मुद्दाम मागे ठेवून सुरुवात करा. मग एकेक अंश पुढे न्या. टॉर्क वाढायचा थांबला की तिथून दोन अंश मागे या, आणि नॉकिंग त्याआधीच आले तर तिथेच थांबून मागे फिरा. हे काम इंजिन व इंटरकूलरचे पाणी पूर्ण तापलेले असतानाच करावे. थंड इंजिनावर जुळवलेले टायमिंग चढावर टिकत नाही. त्यानंतर प्लग काढून भिंगाखाली पाहावेत आणि ते स्वच्छ दिसेपर्यंत ट्रेलर जोडू नये.